प्रमाण जीभ

रामेनमध्ये इसबगोल घालणारी पहिली बाई म्हणून माझी कुठेतरी नोंद व्हायला हरकत नाही. हसा खुशाल. इसबगोल म्हणजे पाणी पिऊन चिवट होणारा तंतू. गव्हाच्या पिठात शेवया तुटू न देण्याचं काम ग्लुटेन करतं, तेच काम इसबगोल बऱ्यापैकी निभावतो. मी, मंदाकिनी शेवडे, जन्मभर सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय. पोट साफ होण्यापलीकडचे त्याचे उपयोग मला ठाऊक असणारच.

हा सगळा खटाटोप हारूसाठी. हारू माझी नात. माझी मुलगी ऋजुता नोकरीसाठी जपानात फुकुओकाला गेली, तिथल्याच केनजीशी लग्न केलं आणि तिथलीच झाली. हारूला गव्हाचा कण चालत नाही, आतडी सोलवटून निघतात. वर सोयाबीनची ॲलर्जी. जपानात राहून गहू नाही आणि सोया नाही म्हणजे कोकणात राहून तांदूळ नाही आणि नारळ नाही. रामेन म्हणजे रश्शातल्या शेवया; त्या शेवया गव्हाच्या, त्यातला सॉस सोयाचा, आणि त्या सॉसमध्ये पुन्हा गहू! बिनगव्हाची पाकिटं मिळायची, पण ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागतात असं हारूचं मत. वर्गातली पोरं वाढदिवसाला रामेनच्या दुकानात जायची, आणि ही घरचा भाताचा डबा उघडून त्यांच्या शेजारी बसायची. ऋजुतानं हे मला बोलता बोलता सांगितलं. माझा जीव तुटला.

मी म्हटलं, थांब जरा. आपल्या उपासाच्या फराळात गहू असतो? नाही. सोया असतो? नावालाही नाही. वरी, साबुदाणा, राजगिरा, शेंगदाणे. अहो, आपल्या पूर्वजांनी एकादशीच्या नावाखाली हारूचंच पथ्य सांगून ठेवलंय की! दाण्याची आमटी दाट, पांढरट, तोंडात रेंगाळणारी. डुकराची हाडं दिवसभर उकळून ते लोक जो रस्सा करतात, त्याच्या अंगाची. त्यात समुद्री शेवाळाची पट्टी आणि वाळवलेल्या अळंब्या घातल्या की तो मांसल खोलपणाही येतो. उपास मोडतो, पण उपास करायचाय कुणाला?

तेव्हा ती जोडयंत्रं नुकतीच घरोघर आली होती. एक माझ्या ओट्यावर, त्याचा जुळा भाऊ ऋजुताच्या ओट्यावर. माझ्याकडच्याला मी ठोंब्या म्हणते. मी इथे पातेल्यात जे घालीन ते तो मोजतो, वाफ हुंगतो, आणि तिकडे त्याचा भाऊ तसंच रांधतो. तिकडे मिळत नसेल त्या वस्तूला पर्यायही शोधतो. आमचं ठरलं, दर रविवारी त्यांच्या रात्रीच्या जेवणाला पडद्यावर भेटायचं आणि एकत्र रामेन करायचं. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपले दुपारचे तीन. मी रविवारी तीनला जेवायला लागले.

पहिल्याच रविवारी मी माती खाल्ली. रामेनच्या शेवयांना खाराचं पाणी लागतं, त्यानं त्यांना तो खास वास आणि लवचीकपणा येतो. आपल्याकडे पापडखार आहेच, तो घातला. पण वरीच्या शेवया दिसायला पांढऱ्याफटक. म्हणून सांगलीकर बाईनं काय करावं? चिमूटभर हळद टाकली. आणि बघता बघता सगळा गोळा कुंकवासारखा लालभडक! हळद खारात लाल होते, हे मी किती पिढ्यांना शिकवलं असेन. पण आमच्या हातांना हळदीची सवय अशी, की मेंदूला विचारायच्या आधीच ते डब्यात जातात.

"आजी, हे रक्तातलं रामेन आहे का?" पडद्यावर हारू हसून हसून लोळत होती.

"गप गं. हा प्रयोग आहे. लिंबू पिळ वरून, बघ काय होतं."

तिनं पिळलं, शेवया पुन्हा पिवळ्या झाल्या, आणि ती किंचाळलीच. त्या दिवशी आम्ही दोघींनी रामेन सोडून नुसती जादू केली. हे गेल्यापासून माझ्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ एकटीच हसत होते.

आता यंत्राची एक अडचण सांगते. एक ग्रॅम मीठ हे तराजूला एक ग्रॅमच. जिभेला तसं नसतं. तेच मीठ तुम्हाला खारट लागेल, मला बेताचं. त्यामुळे यंत्राला वस्तू कळतात, चव कळत नाही. चवीसाठी त्याला एक माणसाची जीभ प्रमाण म्हणून लागते, आणि जो रांधतो त्याचीच जीभ प्रमाण धरतात. टिकलीएवढी चकती टाळूला चिकटवायची, घास घ्यायचा. जिभेकडून मेंदूकडे जाणारे इशारे चकती पकडते. 'हं, हे जमलं' असं वाटलं की बटण दाबायचं. त्या क्षणाचे इशारे यंत्र साठवतं, आणि पुढे तिकडे कधीही, कुठल्याही दाण्यांचं, कुठल्याही पाण्याचं रामेन झालं, तरी ते त्या जिभेला तसंच लागेल असं जुळवून देतं. म्हणजे पाककृती पूर्ण. मग रांधणारं माणूस हजर असण्याची गरज नाही.

हे शेवटचं वाक्य माहितीपत्रकात अगदी कौतुकानं छापलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

गरज नाही, म्हणजे रविवार नाही. मला मूर्ख समजू नका. ऋजुता कामात बुडालेली, हारूला शाळा आणि पोहणं आणि कायकाय. आता तुम्ही म्हणाल, नुसता फोन करावा. करावा ना. पण फोनला विषय लागतो. 'जेवलीस का, औषध घेतलंस का' यावर माणूस किती दिवस काढणार? रामेन बिघडलेलं होतं, तोवर आमच्याकडे विषय होता.

म्हणून मी चाखलंच नाही.

मला त्यासाठी फार काही करावंही लागलं नाही. आमच्या घरात स्वयंपाक करताना चाखत नाहीत. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न उष्टं करायचं नाही, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. देवावरचा माझा विश्वास प्रयोगशाळेतच कधीतरी विरघळला, पण हाताचं वळण तसंच राहिलं. मीठ मी अंदाजानंच घालते, आणि चुकत नाही. ठोंब्या प्रत्येक वेळी गोड आवाजात म्हणायचा, "कृपया चाखून पाहा." मी चकती वाटीत तशीच ठेवायची.

"अगं आई, एक घास घ्यायला काय होतंय?" ऋजुता वैतागायची. "तू कधीपासून एवढी सोवळ्यातली झालीस?"

"वय झालं की होतं माणूस."

"देवाला रामेनचा नैवेद्य दाखवणारेस?"

"का? देवानं काय फक्त शिराच खायचा?"

ती डोक्याला हात लावायची. पण रविवारी पुन्हा यायची. आणि माझी चवच नसल्यामुळे तिकडचं यंत्र आपलं चाचपडत राहायचं. एकदा फार आंबट, एकदा नुसता दाण्यांचा वास, एकदा अळणी. हारू दर वेळी चमचाभर खाऊन विचार करायची. "आजी, काहीतरी राहिलंय." मी म्हणायची, "पुढच्या रविवारी बघू हं." असे रविवार बरेच झाले. मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. एवढं तर मिळायला हवंच की माणसाला!

मग एका रविवारी पडद्यावर हारू एकटीच आली. ऋजुता मागे कपडे वाळत घालत होती.

"आजी, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार की."

"बाबा म्हणाला, आजी सगळं बरोबर घालते. यंत्र पण बरोबर आहे. मग माझी जीभ खराब आहे का?"

"कोण म्हणालं असं?"

"कोणी नाही. मीच. आतडी खराब आहेत ना, मग जीभ पण असेल." ती बोटानं टेबल खरवडत होती. "वाढदिवसाला मी मैत्रिणींना घरी रामेन खायला बोलावणार होते. आता नाही बोलावत. त्यांना आवडलं आणि मलाच नाही आवडलं तर त्या हसतील."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. माझ्या एका रविवारासाठी ही नऊ वर्षांची पोर स्वतःत खोट शोधत बसली होती. मी वाटीतली चकती उचलली, टाळूला लावली आणि पळीभर रस्सा तोंडात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा गॅसवरचं पातेलं उष्टं केलं. गरम होतं, जीभ पोळली. मीठ किंचित वाढवलं, आमसुलाचं पाणी घातलं, शेवाळाची पट्टी काढून टाकली. पुन्हा घेतलं. दाण्यांचा दाटपणा, मागून अळंब्यांचा खोलपणा, शेवटी बारीकसा आंबूसपणा. जमलं होतं. खरं सांगू? ते पहिल्या महिन्यातच जमण्यासारखं होतं.

मी बटण दाबलं.

तिकडे वाडगा भरला. हारूनं शेवया ओढल्या. जपानात शेवया आवाज करून खाणं हे आवडल्याचं लक्षण, त्यामुळे सुर्र असा आवाज सांगलीपर्यंत आला. मग तिनं वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. तो खाली आला तेव्हा तिच्या नाकाला रस्सा लागला होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"आजी! हेच! हेच राहिलं होतं!"

ऋजुता कपडे टाकून धावत आली, केनजीही आला आणि मला वाकून वाकून नमस्कार करायला लागला. मी फार खूश होते. आणि फोन बंद झाल्यावर ओट्याला टेकून ढसाढसा रडले.

वाढदिवस झोकात झाला. चौघी मैत्रिणी आल्या, सगळ्यांनी उपासाचं रामेन ओरपलं, एकीला तर दुकानातल्यापेक्षा आवडलं. फोटो आले. नंतरच्या रविवारी ऋजुताचा निरोप आला, "आई, आज नको, हारूचं पोहणं आहे. यंत्रच करेल रामेन." त्याच्या पुढच्या रविवारी निरोपही आला नाही. तक्रार नाही माझी. रीतच आहे ती, गरज सरो वैद्य मरो. आणि वैद्यानं स्वतःच औषध पूर्ण केलेलं.

एक गोष्ट मात्र उरली होती. प्रमाण जीभ जिवंत असते. रांधणारी बाई चकती लावून जेवत राहिली तर यंत्र रोज तिच्यावरून शिकत राहतं. आणि ती जेवायला बसली की तिकडच्या यंत्रावर एक हिरवा ठिपका लागतो. हारू म्हणाली होती, "ठिपका लागला की मला कळतं, आजी जेवतेय." बस, एवढंच. मी चकती लावून जेवायला लागले. वरणभात, पिठलं, काय असेल ते. कंटाळा आला तरी वेळेवर जेवायची, ठिपका लागायला हवा ना! संध्याकाळचा चहाही चकती लावून घ्यायची. शेजारच्या उज्ज्वलाताई विचारायच्या, हे तोंडात काय सारखं? मी म्हणायची, कवळी.

असे सात-आठ महिने गेले. मग एका दुपारी फोन वाजला. रविवार नव्हता. पडद्यावर ऋजुता, चेहरा ताणलेला.

"आई, तू मीठ जास्त खायला लागलीस का?"

"नाही बाई. रक्तदाबाची नवीन गोळी दिलीय डॉक्टरांनी, मीठ उलट कमीच केलंय. मिळमिळीत लागतं सगळं."

आणि मला एका क्षणात सगळं कळलं. रसायनशास्त्रवाल्या बाईला कळायला इतका उशीर व्हायला नको होता. वय झालं की जिभेवरच्या रुचिकलिका मंदावतात, काही गोळ्या ते आणखी वाढवतात. माझ्या जिभेला खारट कमी कळायला लागलं होतं. आणि तिकडचं यंत्र इमानदार! माझ्या जिभेला तीच चव लागावी म्हणून ते हारूच्या वाडग्यात दर आठवड्याला थोडं थोडं मीठ वाढवत होतं. मी म्हातारी होत होते, आणि त्याचा हिशेब नातीच्या वाडग्यात पडत होता.

"सकाळी तिचे डोळे सुजलेले असायचे," ऋजुता म्हणाली. "पाणी तर बादलीभर प्यायची. आम्ही डॉक्टर केले, तपासण्या केल्या. आज मी सहज तिच्या वाडग्यातला घोट घेतला. आई, समुद्राचं पाणी गं! मी तिकडे मीठ कमी करून पाहिलं, तर पुढच्या उकळीला यंत्रानं भरून काढलं."

"मग हारू बोलली का नाही?"

ऋजुतानं मागे पाहिलं. हारू दाराशी उभी होती. मोठी दिसत होती, केस कापलेले. रडून नाक लाल झालेलं.

"हारू, इकडे ये. तुला खारट लागत होतं ना?"

तिनं मान डोलावली.

"मग सांगायचं नाही का बाळा?"

"सांगितलं असतं तर आईनं यंत्र बंद केलं असतं," ती हुंदके देत म्हणाली. "मग ठिपका गेला असता. मग मला कसं कळणार, तू जेवलीस का?"

तिकडे पोर खारं पाणी पोटात ढकलत होती, इकडे मी चहासुद्धा चकती लावून पीत होते, आणि दोघींपैकी एकीनंही फोन उचलून 'मला तुझी आठवण येते' एवढं म्हटलं नव्हतं. कोण कुणावर गेलंय ते सांगायला नको.

उपाय साधा होता. जीभ गोठवायची. बटण दाबलं त्या रविवारची माझी जीभ यंत्रात जशीच्या तशी होती. ती कायमची प्रमाण केली की मीठ पुन्हा बेताचं, आणि त्यानंतरची माझी जीभ यंत्र विचारातच घेणार नाही. जोड तुटणार, ठिपका विझणार. आणि कायद्यानं हा हक्क फक्त जिभेच्या मालकाचा. ऋजुता तो बजावू शकत नव्हती. तिनं मला आग्रहही केला नाही. "तू ठरव, आई," एवढंच म्हणाली.

"नको आजी!" हारू ओरडली. "मी पाणी घालून खाईन! मला आवडतं खारट!"

"खोटं बोलू नकोस."

"तू पण खोटं बोललीस! तुझा देव नाहीच आहे, बाबानं सांगितलं मला! तू मुद्दाम चाखत नव्हतीस!"

ऋजुता दचकली. मी नाही. ही पोर मला पुरती ओळखून होती, आणि तरी इतके दिवस बोलली नव्हती. तिला जवळ घ्यावं असं इतकं वाटलं की हात दुखले. पण पडद्याला कुशी नसते.

"हो, बोलले," मी म्हटलं. "आणि त्यामुळे तुला वाटायला लागलं की तुझी जीभ खराब आहे. आठवतं? आता माझी खराब झालीय. तिच्या नादानं तुझी मूत्रपिंडं बिघडवू का मी?"

"मग तू एकटी जेवशील!"

"जेवेन. त्यात काय. लाखो लोक जेवतात."

ठोंब्यानं मला तीनदा विचारलं, नक्की का, कारण हे पुन्हा उलटवता येत नाही. तिन्ही वेळा मी हो म्हटलं. हारूनं जोरात दार आपटलं, ते इकडे ऐकू आलं.

बरेच दिवस ती पडद्यावर आलीच नाही. ऋजुता मात्र आता दर रविवारी न चुकता फोन करते. तिला अपराधी वाटतं, मला कळतं ते. जेवलीस का, औषध घेतलंस का. हारूचे डोळे सुजत नाहीत, रामेन पूर्वीसारखं होतं. मी तिला विचारते, हारू कुठंय? ती म्हणते, अभ्यास करतेय. मी म्हणते, करू दे.

मध्यंतरी मी इकडेही त्या गोठवलेल्या जिभेचं रामेन करून पाहिलं. माझीच पाककृती, माझीच जीभ, एक वर्षापूर्वीची. मला अगदी अळणी लागलं. शेवया मात्र छान झाल्या होत्या. अर्धं खाल्लं, अर्धं उज्ज्वलाताईंना दिलं. त्या म्हणाल्या, मीठ अगदी बेताचं आहे हो.

गेल्या रविवारी हारू आली. आपणहून आली, की ऋजुतानं आणून उभी केली, देव जाणे. रविवार असूनही अंगात शाळेचा गणवेश होता. हात जुळवून, पाठ ताठ ठेवून, दारी आलेल्या पाहुण्यांना करतात तशी ती कमरेतून वाकली.

"आजी, रामेन खूप छान झालं. थँक्यू."

आमच्या घरात आजवर कुणी कुणाला थँक्यू म्हटलेलं नाही. माझ्या आईनं मला कधी म्हटलं नाही, ऋजुतानं मला नाही, की यांनी जन्मभर ताट पुढे आल्यावर एकदाही नाही. परक्यांना म्हणतात ते.

मी पदर सारखा केला. म्हटलं, "वेलकम."